कोऱ्या पत्राचे वाचन : ज्यूरी, मानसशास्त्रज्ञ आणि श्रोत्याचा प्रश्न

१

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात गोदावरीच्या काठी पुणतांबा येथे योगी चांगदेवांची समाधी आहे. त्यांच्याविषयीच्या आख्यायिकेतील वाघ, सर्पाचा चाबूक आणि चालणारी भिंत हे प्रसंग सर्वश्रुत आहेत. वाङ्मयविचाराच्या दृष्टीने मात्र त्यांहून महत्त्वाचा प्रसंग त्याआधीचा, पत्राचा आहे. ज्ञानदेवांना पत्र लिहावयास बसलेले चांगदेव मायन्यापाशीच अडले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानदेव अधिकाराने मोठे. अधिकाराने मोठे म्हणून नमस्कार लिहावा, तर स्वतःच्या चौदाशे वर्षांच्या तपाचे काय करावे? अखेर पत्र कोरेच गेले. मुक्ताबाईंनी त्या कागदात पाठवणाऱ्याचे कोरेपण वाचले. निवृत्तिनाथांनी त्याच कागदात ग्रहणाची सिद्धता वाचली आणि ज्ञानदेवांना उत्तर लिहावयास सांगितले. ते उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’.

या आख्यायिकेत दोन प्रश्न गुंफलेले आहेत. पहिला बोलणाऱ्याचा : ज्याच्याशी बोलावयाचे त्याची काही एक प्रतिमा मनाशी धरल्याखेरीज पहिला शब्दही लिहिता येत नाही. दुसरा वाचणाऱ्याचा : समोरचा माणूस काहीच बोलत नसेल तर त्याच्या मौनात काय वाचावे, आणि ते वाचण्याचा अधिकार कोणाला? हे दोन्ही प्रश्न विसाव्या शतकात एका अगदी वेगळ्या ठिकाणी, न्यायालयात, एका व्यवसायाचे रूप घेऊन उभे राहिले. अमेरिकेत ज्यूरीपुढे चालणाऱ्या खटल्यांत वकिलांना सल्ला देणारा मानसशास्त्रज्ञ हा त्या व्यवसायाचा प्रतिनिधी होय. ज्यूरीत कोण असावे, कोण नसावे, निवडलेल्यांपुढे पुरावा कोणत्या क्रमाने ठेवावा, साक्षीदाराने कसे बोलावे, समारोपात कोणता शब्द वापरावा व कोणता टाळावा, हे तो सांगतो. ज्यूरी ही त्याच्या दृष्टीने कोरा कागदच असते. ती निर्णय देते, कारणे देत नाही. न्यायाधीशाचे निकालपत्र वाचता येते, तपासता येते, त्यातील तर्कदोष दाखवता येतो. ज्यूरीचा निर्णय एक-दोन शब्दांत संपतो. त्या शब्दांमागील मन आधीच वाचून ठेवणे हे या सल्लागाराचे काम.

हे काम नैतिक दृष्ट्या कसे समजावे? श्रोत्याला जाणून बोलणे आणि श्रोत्याला हाताळणे यांत भेद असेल तर तो कोठे आहे? हा प्रश्न विधिशास्त्राइतकाच साहित्यविचाराचाही आहे. कारण वाचक कोण, संहितेने कोणता वाचक गृहीत धरलेला असतो, अर्थ वाचकाच्या पूर्वग्रहांतून कितपत घडतो, ह्या गेल्या काही दशकांतील समीक्षेच्या आवडत्या प्रश्नांचे हे व्यावहारिक, आणि म्हणून अधिक निर्दय, रूप आहे. समीक्षेत वाचकाविषयीचा अंदाज चुकला तर एक सिद्धान्त पडतो. न्यायालयात तो चुकला किंवा बरोबर ठरला तर माणूस तुरुंगात जातो किंवा सुटतो.

२

न्यायालयात मानसशास्त्राने आपला हक्क सांगितला तो १९०८ साली. हार्वर्ड विद्यापीठातील ह्यूगो मुन्स्टरबर्ग यांचा ‘ऑन द विटनेस स्टँड’ हा ग्रंथ त्या वर्षी प्रसिद्ध झाला. साक्षीदाराची स्मृती, सूचनेचा परिणाम, खोटे कबुलीजबाब यांविषयी प्रयोगशाळेला जे ठाऊक आहे ते न्यायालयाने विचारात घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. पुराव्याच्या कायद्याचे मोठे अभ्यासक जॉन विग्मोर यांनी पुढच्याच वर्षी त्यांच्यावर एक काल्पनिक खटला रचून त्यांचा उपहास केला. मुन्स्टरबर्ग पुढे ज्यूरीच्या मनाकडेही वळले. पत्त्यांवरील ठिपक्यांच्या संख्येची तुलना करण्यास सांगून, चर्चा घडवून, पुन्हा मत विचारण्याचे प्रयोग त्यांनी केले; आणि चर्चेने पुरुषांची मते सुधारतात, स्त्रियांची सुधारत नाहीत, सबब स्त्रिया ज्यूरीस योग्य नाहीत, असा निष्कर्ष १९१४ साली काढला. ठिपक्यांपासून नागरिकत्वापर्यंतची ही उडी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या मनाचे वाचन करावयाचे त्याविषयीचा समाजाचा पूर्वग्रहच येथे शास्त्राच्या तोंडून परत ऐकू आला.

आजच्या अर्थाने ज्यूरी-सल्लागाराचा जन्म मात्र १९७१-७२ मधील हॅरिसबर्गच्या खटल्यात झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे फिलिप बेरिगन आणि त्यांचे सहकारी यांच्यावर, हेन्री किसिंजर यांच्या अपहरणाचा कट रचल्यासह अनेक आरोप होते. सरकारने खटल्यासाठी निवडलेला पेनसिल्व्हेनियातील तो प्रदेश आरोपींना प्रतिकूल होता. समाजशास्त्रज्ञ जे शुलमन आणि सामाजिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड क्रिस्टी यांनी कार्यकर्त्यांच्या साहाय्याने त्या भागातील लोकांच्या मुलाखती घेतल्या, आणि धर्म, शिक्षण, वृत्तपत्रवाचन यांचा मतांशी कसा संबंध आहे हे पाहिले. उच्चशिक्षित लोक आरोपींना अनुकूल असतील हा बचाव पक्षाचा सहज अंदाज तेथे चुकीचा ठरला. त्या भागात शिक्षणाबरोबर सनातनी राजकीय कल वाढलेला आढळला. या माहितीच्या आधारे ज्यूरीच्या निवडीत आक्षेप घेतले गेले. मुख्य आरोपांवर ज्यूरीचे एकमत होऊ शकले नाही. १० जण निर्दोष ठरवण्याच्या बाजूचे होते, २ विरुद्ध.

म्हणजे हा व्यवसाय जन्मला तो सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या आरोपींच्या मदतीसाठी, बिनमोल सेवा म्हणून. परंतु तंत्राला निष्ठा नसते. १९८२ साली अमेरिकेत खटला-सल्लागारांची संघटना स्थापन झाली, आणि तोवर या ज्ञानाचे मुख्य ग्राहक मोठ्या दिवाणी दाव्यांतील धनिक पक्षकार होऊ लागले होते. खटल्याच्या गावासारख्याच गावातील नागरिकांना पैसे देऊन बसवलेली अभिरूप ज्यूरी, प्रत्यक्ष सुनावणीला प्रेक्षकांत बसून रोज आपले मत कळवणारी प्रतिज्यूरी, दीर्घ प्रश्नावल्या आणि साक्षीदारांच्या तालमी ही त्याची साधने झाली. १९९५ च्या ओ. जे. सिम्प्सन खटल्यात बचाव पक्षाने जो-एलन दिमित्रियस यांचा सल्ला अखेरपर्यंत मानला, तर सरकार पक्षाने आपल्या सल्लागाराचा सल्ला बाजूस सारला, सिम्प्सन सुटले. त्या एका निकालाने या व्यवसायाविषयी जी दंतकथा निर्माण झाली ती मात्र संशोधनाला मान्य नाही. निर्णयावर सर्वांत मोठा प्रभाव पुराव्याच्या बळाचा असतो. ज्यूररचे वय, लिंग, व्यवसाय यांवरून त्याच्या मताचे भाकीत फारच दुबळे ठरते, हे अभ्यासकांनी पुनःपुन्हा दाखवले आहे. शिकागोचे हॅरी कॅल्व्हन आणि हान्स झायसेल यांनी १९६६ च्या ‘द अमेरिकन ज्यूरी’ या ग्रंथात, न्यायाधीश आणि ज्यूरी यांचे मत सुमारे ७८ टक्के फौजदारी खटल्यांत जुळते, असे नोंदवले.

साहित्याच्या अभ्यासकाला यांपैकी एक शोध विशेष बोलका वाटेल. नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी यांनी १९८० नंतरच्या दशकात असे दाखवले, की ज्यूरर पुराव्यांची बेरीज-वजाबाकी करीत नाही. तो त्यांची कथा करतो. ऐकलेल्या तुकड्यांतून हेतू, कृती, परिणाम अशी साखळी तो स्वतःच जोडतो, आणि जी कथा अधिक पूर्ण व सुसंगत वाटते तिच्याशी जुळणारा निर्णय निवडतो. तोच पुरावा एका बाजूने कथेच्या क्रमाने आणि दुसऱ्या बाजूने साक्षीदारांच्या क्रमाने मांडला, तर कौल कथेच्या बाजूला झुकतो. वाचक संहितेतील रिकाम्या जागा भरून अर्थ घडवतो, हा वोल्फगांग इझर यांचा विचार येथे प्रयोगाने सिद्ध झाल्यासारखा दिसतो. फरक एवढाच, की इझर यांच्या वाचकाच्या पाठीशी उभे राहून त्या रिकाम्या जागा त्याने कशा भरल्या म्हणजे आपला फायदा होईल, याचा हिशेब कोणी मांडीत नव्हते.

३

महाराष्ट्रात असा सल्लागार कधी झाला नाही. परंतु तो ज्या प्रश्नाचे उत्तर देऊ पाहतो तो प्रश्न येथे दोनदा अत्यंत तीव्रतेने उभा राहिला, आणि दोन्ही वेळा वादाचा विषय मराठी संहिता हाच होता. १८९७ च्या लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात ‘केसरी’तील ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आणि शिवाजी उत्सवातील व्याख्यानांचा वृत्तान्त ज्यूरीपुढे आला. ज्यूरीत ६ युरोपियन आणि ३ हिंदी होते. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा कायद्यातील शब्दाचा अर्थ ज्यूरीला सांगितला, आणि ६ विरुद्ध ३ मतांनी टिळक दोषी ठरले. एका मराठी कवितेच्या अभिप्रायाचा निर्णय बहुमताने झाला. आणि ते बहुमत वंशाच्या रेषेवर तंतोतंत विभागलेले होते.

१९०८ साली, म्हणजे मुन्स्टरबर्ग यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, हा प्रसंग अधिक ठळकपणे पुन्हा घडला. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांबद्दल टिळकांवर खटला झाला. सरकार पक्षाने खास ज्यूरीची मागणी केली. टिळकांच्या वतीने जोसेफ बॅप्टिस्टा यांनी तिला हरकत घेतली, कारण अशा ज्यूरीत मराठी जाणणारे येणार नाहीत हे उघड होते. न्यायमूर्ती दावर यांनी मागणी मान्य केली, आणि ७ युरोपियन व २ पारशी अशी ज्यूरी बसली. संहिता मराठी, वाचक मराठी न जाणणारे. मध्ये न्यायालयाच्या भाषांतरकाराचे इंग्रजी. टिळकांनी स्वतः भाषांतरकाराची उलटतपासणी करून शब्दाशब्दावर वाद घातला आणि पुढे ज्यूरीपुढे अनेक दिवस मिळून २१ तासांहून अधिक भाषण केले. २२ जुलै १९०८ रोजी ७ विरुद्ध २ मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

या खटल्याकडे पाहिल्यानंतर ज्यूरी-सल्लागारावर सरळसरळ निषेधाचा शेरा मारणे कठीण होते. त्याच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद येथेच आहे. ज्यूरीची निवड कधीच निर्मळ नसते. कोणाची नावे यादीत यावीत, कोणत्या शहरात खटला चालावा, कोणत्या भाषेत चालावा, किती मालमत्ता असलेला माणूस पात्र समजावा, हे सर्व आधीच ठरलेले असते. आणि ते ठरवणारा बहुधा फिर्यादीच असतो. १९०८ साली श्रोत्यांची निवड झालीच होती; ती करण्यास मानसशास्त्रज्ञाची गरज भासली नाही एवढेच. मग त्या निवडलेल्या यादीतून कमीत कमी प्रतिकूल माणसे वेगळी काढण्यास कोणी बचावाला साहाय्य केले असते, तर त्यात अनीती कोणती? हॅरिसबर्गच्या शुलमन यांची भूमिका नेमकी हीच होती : तराजू आधीच झुकलेला आहे, तो सरळ करण्यासाठी दुसऱ्या पारड्यात हात घालावाच लागतो.

हा युक्तिवाद प्रामाणिक आहे आणि त्यास उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. मात्र त्याची मर्यादा त्याच्याच मांडणीत आहे. तो उपचाराचा युक्तिवाद आहे, हक्काचा नव्हे. झुकलेले पारडे सरळ करण्यासाठी घातलेला हात, पारडे सरळ झाल्यावर काढून घ्यावयाचा असतो. आणि पारडे आधीच आपल्या बाजूला झुकलेले असणाऱ्याला तो युक्तिवाद वापरताच येत नाही. ज्या क्षणी हे ज्ञान बाजारात येते, त्या क्षणी ते बहुधा अशाच पक्षकाराच्या हाती पडते.

४

श्रोत्याला ओळखणे हे स्वतःमध्ये दोषास्पद नाही, हे भारतीय आणि ग्रीक दोन्ही परंपरांना ठाऊक होते. ‘नाट्यशास्त्रा’त सिद्धीचा विचार करताना भरताने प्रेक्षकांच्या वृत्तींचे वर्गीकरण केले आहे : तरुण शृंगाराने संतुष्ट होतात, अर्थपर लोक अर्थाने, विरक्त मोक्षाच्या कथांनी, शूर वीर-रौद्राने. सर्व गुण एकाच प्रेक्षकात सापडणार नाहीत हेही तो मान्य करतो. प्रयोगाविषयी वाद निर्माण झाल्यास निवाडा करणारे ‘प्राश्निक’ त्याने वेगळे सांगितले आहेत. त्यांत यज्ञ जाणणारा आहे, नर्तक आहे, छंदज्ञ आहे, चित्रकार आहे, धनुर्धर आहे आणि गणिकाही आहे. ज्याचा जो विषय, त्यावर त्याचे मत. ॲरिस्टॉटलच्या ‘ऱ्हेटॉरिक’चा दुसरा भाग तर तरुण, वृद्ध, श्रीमंत, सत्ताधारी यांच्या स्वभावांचे आणि राग, भय, करुणा यांच्या कारणांचे वर्णनच आहे. पहिल्या दर्शनी हे दोन्ही ग्रंथ ज्यूरी-सल्लागाराची आद्य पाठ्यपुस्तके वाटावीत.

तरीही भेद आहे. भरताला प्रेक्षक निवडावयाचे नाहीत; जो प्रेक्षागृहात येईल त्या प्रत्येकाला काही मिळेल असा प्रयोग घडवावयाचा आहे. वर्गीकरणाचा हेतू प्रयोग विस्तारण्याचा आहे, सभा आकसण्याचा नव्हे. पुढे अभिनवगुप्ताने साधारणीकरणाची जी कल्पना विकसित केली तिच्यात तर प्रेक्षकाचे ‘मी’पण, त्याचे खाजगी हितसंबंध, क्षणभर गळून पडण्यावर सारा भर आहे. ‘सहृदय’ हा कोणत्या एका वर्गाचा माणूस नव्हे; ती कोणत्याही वर्गातील माणसाला येऊ शकणारी अवस्था आहे. ज्यूरीमागील मूळ कल्पनाही याच्याशी नाते सांगणारी आहे : शपथ घेतलेला नागरिक काही काळापुरता आपल्या जातीचा, धंद्याचा, शेजाऱ्याच्या मताचा माणूस राहणार नाही, अशी अपेक्षा. ज्यूरी-सल्लागाराचे शास्त्र मात्र नेमके उलट टोक धरते. माणूस आपल्या वर्गातून बाहेर येणार नाही या गृहीतावर त्याचे दुकान उभे आहे. भाकीत खरे ठरावयाचे तर माणूस तेवढाच राहिला पाहिजे.

प्लेटोने ‘गॉर्गिअस’मध्ये वक्तृत्वाची तुलना पाककलेशी केली होती : वैद्य शरीराला हितकर ते देतो, आचारी जिभेला आवडते ते. ही तुलना वक्तृत्वाला सरसकट लागू करणे अन्यायाचे होईल. परंतु तिच्यातून एक कसोटी निघते. बोलणाऱ्याने श्रोत्याविषयी मिळवलेले ज्ञान श्रोत्याला उघडपणे सांगितले, तर ते ज्ञान निष्प्रभ होते काय? वैद्यकीय संज्ञा ज्यूरीला कळत नाहीत असे आढळल्याने वकिलाने सोपे शब्द वापरले, तर ते ज्यूरीला सांगण्यात संकोच नाही. सांगितल्यावरही सोपे शब्द सोपेच राहतात. घटनाक्रम गोंधळाचा होता म्हणून पुरावा कालक्रमाने मांडला, हेही सांगता येते. परंतु तिसऱ्या रांगेतील बाईंचा मुलगा अपघातात गेला आहे म्हणून समारोपात वारंवार मुलांचा उल्लेख केला, हे त्या बाईंना सांगता येत नाही. सांगितल्यास उल्लेखाचा परिणाम जाईल आणि संताप उरेल. जे ज्ञान अंधारातच काम करते ते श्रोत्याशी बोलण्यासाठी नव्हे, त्याला हलवण्यासाठी वापरलेले असते. युर्गन हाबरमास यांनी परस्परसामंजस्यासाठी केलेले भाषण आणि व्यूह म्हणून केलेले भाषण यांत जो भेद केला, त्याचे हे व्यवहारातील रूप म्हणता येईल.

अमेरिकेतील कायद्यानेही अडखळत का होईना, याच दिशेने पाऊल टाकले. ज्यूररला कारण न देता वगळण्याचा जो अधिकार दोन्ही पक्षांना असतो, त्याला १९८६ च्या बॅटसन खटल्यात वंशाच्या बाबतीत आणि १९९४ मध्ये लिंगाच्या बाबतीत मर्यादा पडली. संशय आल्यास वकिलाला कारण सांगावे लागते. कारण सांगावे लागणे म्हणजे अंधारातील ज्ञान उजेडात आणणे. वकील सोयीची कारणे रचू शकतात हे खरे, पण रचलेले कारण तपासता तरी येते. इंग्लंडने १९८८ साली आरोपीचा हा अधिकारच रद्द केला.

मात्र ही कसोटी एकटी पुरेशी नाही, हे १९०८ चा खटला दाखवून देतो. तेथील निवड अंधारात झाली नव्हती. खास ज्यूरीची मागणी भर न्यायालयात झाली, तिला हरकत घेतली गेली, निर्णयही उघडपणे झाला. आणि तरी तो अन्यायच होता. म्हणून प्रकटतेच्या जोडीला दुसरी अट हवी : परस्परता. जो श्रोता निवडला त्याला बोलणाऱ्याची भाषा कळण्याची, आणि बोलणाऱ्याला त्याच्या निवडीविषयी परिणामकारकपणे काही म्हणण्याची, संधी असली पाहिजे. हॅरिसबर्गमधील सल्ला परस्परतेच्या बाजूचा होता, पण प्रकट नव्हता. १९०८ ची खास ज्यूरी प्रकट होती, पण परस्पर नव्हती. धनिक पक्षकाराने गुप्तपणे विकत घेतलेला सल्ला दोन्ही अटींवर उतरत नाही.

५

येथे मराठी मुलखाच्या जुन्या न्यायपद्धतीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. गोतसभेत निवाडा करणारे वादी-प्रतिवादींचे ओळखीचेच असत. तेथे निःपक्षपातीपणा अनोळखीपणावर आधारलेला नव्हता. दोन्ही पक्षांची तकरीर लिहून घेतली जाई, निवाडा मान्य करण्याचा राजीनामा आधीच घेतला जाई, आणि निर्णयाचा महजर उपस्थितांच्या साक्षी-निशाण्यांनिशी, हकीकतीसह तयार होई. त्या पद्धतीत जातीची उतरंड होती, दिव्याचे क्रौर्य होते, बलवान वतनदाराचे दडपण होते. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु दोन गोष्टी तिला कळल्या होत्या. निवाडा करणाऱ्यांविषयीची पक्षकारांची संमती आधी आणि उघड हवी, आणि निर्णयाचा कागद कोरा असता कामा नये.

ब्रिटिश ज्यूरी भारतात या दोन्ही बाबतींत अर्धवटच रुजली. अनेक जिल्ह्यांत ज्यूरी नव्हतीच. तेथे सत्र न्यायाधीशासोबत असेसर बसत आणि त्यांचे मत त्याच्यावर बंधनकारक नसे. जेथे ज्यूरी होती तेथेही तिच्या निर्णयाशी असहमत न्यायाधीश प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवू शके. १९५९ मध्ये मुंबईच्या नानावटी खटल्यात हेच झाले. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीश मेहता यांनी ते अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. १९६० मध्ये उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. त्या ज्यूरीपुढे कोणी मानसशास्त्रज्ञ नव्हता. पण ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने शूर नौदल अधिकारी, भुललेली पत्नी आणि विलासी मित्र अशी पूर्ण, सुसंगत, सुरुवात-मध्य-शेवट असलेली कथा शहराला आधीच दिली होती. या खटल्याने भारतातील ज्यूरी गेली, हे लोकप्रिय विधान अर्धसत्य आहे. विधी आयोगाच्या १९५८ च्या चौदाव्या अहवालाने तिच्या समाप्तीची शिफारस आधीच केली होती, आणि ती पूर्णपणे गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. आज तिचा अवशेष पारशी विवाहविषयक न्यायालयांतील प्रतिनिधींच्या रूपाने तेवढा उरला आहे.

ज्यूरी गेली म्हणून मन वाचण्याची इच्छा गेली नाही. तिने दिशा बदलली. ज्याचे मन वाचावयाचे तो निवाडा करणारा न राहता आरोपी झाला. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात, इतर पुराव्यासह, मेंदूच्या विद्युत्-लहरींच्या चाचणीचा निष्कर्ष आरोपीविरुद्ध विचारात घेतला. ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय केलेल्या नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरी चाचण्या स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा भंग ठरवल्या. या निर्णयातील मूळ विचार ज्यूरी-सल्लागारालाही लागू पडतो : माणसाने जे सांगितलेले नाही ते त्याच्या संमतीशिवाय त्याच्याकडून काढून घेणे, हे सत्यासाठी केले तरी त्याच्या व्यक्तित्वावरील आक्रमण असते. आरोपीच्या मौनाला घटनेने संरक्षण दिले. ज्यूररच्या मौनाला अमेरिकेत चर्चेच्या गुप्ततेचे संरक्षण आहे, पण चर्चेपूर्वीच त्याच्या मनाचा नकाशा काढण्याविरुद्ध जवळजवळ नाही.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाचे मर्म या संदर्भात नव्याने ध्यानात येते. तेथील अभिरूप न्यायालय खेळ म्हणून, न्यायालय कसे चालते हे एका नवख्याला दाखवावे म्हणून सुरू होते. आणि पाहता पाहता बेणारेबाईंच्या खऱ्या आयुष्याचा खटला होतो. न्यायाधीशच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतो. सल्लागाराच्या अभिरूप ज्यूरीतही खऱ्या माणसांचे दुःख, लज्जा, अपराध हे केवळ मोजण्याचे साहित्य होते. तालीम आणि खटला यांत भिंत असते असे मानणे सोयीचे असते. तेंडुलकरांनी ती भिंत कागदाची असल्याचे दाखवले.

६

या सर्व विवेचनातून समीक्षेने स्वतःकडेही पाहावे. वाचकांचे गट, अर्थनिर्णयाचे समुदाय, वर्गाने वा लिंगाने घडलेले वाचन ही परिभाषा मुक्तीच्या हेतूने आली. कोणताही वाचक तटस्थ नसतो, ‘सार्वत्रिक’ वाचक हा बहुधा सत्ताधाऱ्यांचाच वाचक असतो, हे तिने दाखवले आणि ते खरेच होते. १८९७ ची सहा मते त्याचा पुरावा आहेत. परंतु वाचक त्याच्या समुदायापलीकडे जाऊच शकत नाही, असे जेव्हा ती परिभाषा म्हणू लागते, तेव्हा ती ज्यूरी-सल्लागाराच्या शास्त्राशी नकळत हातमिळवणी करते. प्रत्येक वाचन आधीच ठरलेले असेल, तर लेखकाला उरते ते फक्त योग्य ग्राहक शोधणे. आणि समीक्षकाला उरते ते त्या ग्राहकाचे वर्णन करणे. टीका, पटवणे, मतपरिवर्तन या शब्दांना मग अर्थच उरत नाही.

टिळकांना आपल्यापुढील नऊ माणसे कोण आहेत हे पुरते ठाऊक होते. कोणत्याही सर्वेक्षणाने त्यांना त्याहून अधिक काही सांगितले नसते. तरी ते एकवीस तास बोलले. त्यात हिशेब नव्हता असे नाही. पुढच्या वाचकांसाठी, देशासाठीही ते बोलत होते. परंतु भाषांतरातील शब्दाशब्दावर, कायद्याच्या अर्थावर त्या नऊ जणांशी वाद घालणे याचा अर्थ एकच होतो : तुमच्याविषयीच्या भाकिताहून तुम्ही मोठे होऊ शकता, हे गृहीत धरून बोलणे. नवांपैकी दोघांनी टिळकांना निर्दोष मानले. ते भाषणामुळे की आधीच्या कलामुळे, हे कोणालाही सांगता येणार नाही; ज्यूरीचा कागद तेथेही कोराच राहिला. निर्णयानंतर टिळकांनी आपण निर्दोष असल्याचे सांगून त्याहून वरच्या सत्तेचा हवाला दिला. ते शब्द आज मुंबई उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेले आहेत. ज्या सभागृहाने त्यांचे ऐकले नाही, त्याच वास्तूने ते पुढे जपले.

सल्लागाराच्या ज्ञानाचा मोठा भाग खोटा नाही, आणि अन्यायाने बांधलेल्या सभेपुढे उभ्या राहिलेल्या दुबळ्याला तो नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण उपचार म्हणून क्षम्य असलेली गोष्ट धंदा म्हणून क्षम्य होत नाही, आणि न्यायाचा आदर्श म्हणून तर मुळीच नाही. कोऱ्या पत्राचे वाचन दोन रीतींनी करता येते. त्यात काय नाही ते हेरून पाठवणाऱ्याची जागा ठरवता येते. किंवा त्यात काय लिहिले जाऊ शकेल हे ओळखून त्याला उत्तर लिहिता येते. मुक्ताबाईंचे वाचन अचूक होते. तरी पासष्टी लिहिली गेली ती निवृत्तिनाथांच्या वाचनामुळे. चांगदेव पुढे मुक्ताबाईंचेच शिष्य झाले असे परंपरा सांगते. म्हणजे त्यांचे कोरेपण पाहणारी दृष्टीही शेवटी त्यांना तेवढ्यावरच सोडून थांबली नाही. न्यायालयात, वर्गात किंवा नियतकालिकाच्या पानावर, समोरच्या माणसाला वाचणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारता येईल : वाचून झाल्यावर त्या माणसाला बदलण्याची जागा उरली की नाही?